पाचव्या रॉडवर तिसरी कॅप

मित्रांनो, मी एक मोडका एरिएटर आहे. हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, आणि त्यात तुमचा काही दोष नाही. ज्या हिरवळीवर तुम्ही लोळता, फुटबॉल खेळता, डबा खाता, तिच्या पोटात काय चाललंय याची चौकशी कोणी करत नाही. पायांनी तुडवून तुडवून माती घट्ट होते. मग पाणी वरच साचतं, मुळांना हवा मिळत नाही आणि गवत पिवळं पडतं. तेव्हा आमच्यासारख्याला आणतात. आम्ही त्या मातीला भोकं पाडतो. डॉक्टर तुमच्या दंडावर एक सुई टोचतात, तर तुम्ही आख्खी गल्ली गोळा करता. मी एका मैदानाला लाखो भोकं पाडत असे, आणि मैदान हूं की चूं करत नसे.

आधीच सांगतो, मी काही साधुसंत नाही. टोचणं हे माझं काम होतं आणि मला ते आवडायचं. माझ्या दातांखाली गांडुळं गेली, दोन-तीन बेडूक गेले. एकदा तर मला चालवणाऱ्या केरबाच्या पायाचं नखच गेलं, अंगठा थोडक्यात वाचला. मला वाईट वाटलं नाही. लोखंडाला वाईट वाटायची सवय नसते. ती मला उतारवयात लागली, आणि कशी लागली तेच आज सांगणार आहे.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. तिथून मी पुण्याच्या एका गोल्फ क्लबात आलो आणि तिथं आठ वर्षं राबलो. त्या आठ वर्षांत माझ्याशी कोणी एक शब्द बोललं नाही. मग क्लबानं नवीन यंत्र घेतलं आणि मला कोल्हापूरच्या सम्राट साहेबांनी उचललं. कळंब्याच्या बाजूला त्यांचं क्रीडा संकुल आहे. एक फुटबॉलचं मैदान, एक पत्र्याची शेड, आणि साहेबांच्या फोटोचे चार मोठे फलक. टेम्पोतून मला उतरवलं तेव्हा समोर एक माणूस नारळ घेऊन उभा होता. तोच केरबा.

केरबा गडमुडशिंगी गावचा. घरी दोन म्हशी आणि थोडा ऊस, आणि इकडे मैदानाची राखण. पन्नाशी उलटलेली, पण अंगानं काटक. त्यानं माझ्यासमोर नारळ फोडला, माझ्या नाकावर कुंकू लावलं आणि म्हणाला, "या पावणं. आता हितंच ऱ्हायचं." आठ वर्षांनी कोणीतरी माझ्याशी बोललं होतं. माझ्यात जर काही विरघळण्यासारखं असतं तर ते त्या क्षणी विरघळलं असतं.

त्यानं माझं नाव टोच्या ठेवलं. सकाळी शेडचं दार उघडलं की "काय टोच्या, झोप झाली न्हवं?" असं विचारूनच तो इंजिन सुरू करी. कामात मी अडलो तर बैलाला देतात तशी शिवी देई आणि लगेच पाठीवर थाप मारी. पावसाळा सरला की आम्ही दोघं मिळून मैदान टोचून काढत असू. माझ्या पोकळ दातांतून बोटाएवढ्या मातीच्या कांड्या बाहेर पडायच्या, आणि पंधरा दिवसांत गवत असं तरारून यायचं की पोरं बूट काढून पळायची. लोक साहेबांना म्हणत, "काय ग्राउंड केलंय राव!" साहेब म्हणत, "केलंय की." केरबा बाजूला उभा राहून हसायचा. त्याचं नाव कोणी घेत नसे, माझं तर नाहीच.

माझं शरीर कळायला सोपं आहे. वर इंजिन. ते एक वाकडातिकडा जाड दांडा फिरवतं, त्याला क्रँक म्हणतात. क्रँकला सहा कनेक्टिंग रॉड धरलेले असतात. क्रँक गोल फिरला की रॉड खाली-वर होतात, शिलाई मशीनच्या सुईसारखे, आणि त्यांच्या टोकाचे दात मातीत घुसतात. रॉड जिथं क्रँकला धरतो, तिथं दोघांच्या मधे बेअरिंग असतं. लोखंडानं लोखंड खाऊ नये म्हणून बसवलेला तो एक सोशिक तुकडा. घरात दोन भांडणाऱ्यांच्या मधे जो उभा राहतो, त्याचं जे होतं तेच बेअरिंगचं होतं. पहिल्यांदा तेच झिजतं.

माझी बेअरिंगं झिजली. गेल्या भाद्रपदात माझ्या पोटातून असा खडखडाट येऊ लागला की शेजारच्या मळ्यातली कुत्री भुंकायची. साहेबांनी कंपनीला फोन केला. कंपनी म्हणाली, या मॉडेलचे भाग आता बनत नाहीत, नवीन घ्या. केरबाचा चेहरा पडला. पण कोल्हापुरात 'भाग मिळत नाही' हे वाक्य कोणी मनावर घेत नाही. तो साहेबांना म्हणाला, "साहेब, उद्यमनगरात अल्लाउद्दीन चाचा हाईत. त्यास्नी एकदा दावूया की. भाग मिळत नसला तर बनीवत्यात."

अल्लाउद्दीन चाचा जुन्या एम-एटी मोपेडवरून आले. सत्तरीला टेकलेले, पांढरी दाढी, बोटांच्या चिरांत काळं तेल कायमचं मुरलेलं. त्यांनी मला चालू करायला लावलं. एका लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक माझ्या अंगाला टेकवलं, मूठ आपल्या कानाला लावली आणि डोळे मिटून ऐकत राहिले. एकेका रॉडपाशी थांबले. मला आजवर इतकं नीट कोणी ऐकलं नव्हतं.

"सगळी बेअरिंगं गेल्यात," ते म्हणाले. "रॉडबी वाकल्यात. सहाच्या सहा बदलाय पायजेत."

"जे खराब झालेत तेवढेच बदला की चाचा," साहेब म्हणाले.

"साहेब, म्हातारा बैल आन् खोंड एका जुवाला जुंपत्यात व्हय? बदलायचं तर सगळं. न्हाईतर मी हात लावत न्हाय."

साहेब हसले आणि तयार झाले. तेव्हा चाचा मोठे माणूस होते. कारखान्यांच्या त्या उद्यमनगरात कोणाचं काम अडलं की "अल्लाउद्दीनला दाखव" असं म्हणायची रीत होती, आणि साहेबांना ती माहीत होती.

चाचांनी माझा जुना रॉड नमुना म्हणून नेला. फाउंड्रीत नवे सहा ओतून घेतले, स्वतः लेथवर उभं राहून त्यांना आकार दिला आणि घेऊन आले. मग तीन दिवस शेडमध्ये माझं पोट उघडं होतं. केरबा हाताखाली होता. स्पॅनर दे, डिझेल ओत, बोल्ट धर. दुपारी चाचांचा डबा उघडायचा. त्यांच्या बायकोनं, बिबीजान चाचींनी, पहिल्या दिवशीच ओळखलं होतं की जेवणारे दोघं आहेत. दुसऱ्या दिवसापासून डब्यात केरबासाठी चार चपात्या वेगळ्या येऊ लागल्या. केरबा घरून दही आणायचा. दोघं माझ्या चाकाला टेकून जेवायचे. मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यात ते तीन दिवस सुखाचे होते, आणि सगळं वाटोळं त्याच तीन दिवसांत पेरलं गेलं.

आता एक गोष्ट नीट ऐका. रॉडचं जे टोक क्रँकला धरतं, ते दोन अर्ध्या भागांचं असतं. वरचा अर्धा रॉडचा. खालचा अर्धा सुटा असतो, त्याला कॅप म्हणतात. दोन्ही अर्धे बोल्टनं आवळून मगच त्यांच्यातलं गोल भोक कापलेलं असतं. म्हणून प्रत्येक कॅप फक्त आपल्याच रॉडवर नीट बसते. दुसऱ्याच्या रॉडवर ती चढते, बोल्टही जातात, दिसायलाही बरोबर दिसतं. पण केसभर फरक राहतो, आणि आमच्या जातीला तेवढा पुरतो. हे घोळ होऊ नयेत म्हणून चाचांनी पंच मारून ठिपके उठवले. पहिल्या रॉडवर एक आणि त्याच्या कॅपवर एक, दुसऱ्यावर दोन आणि त्याच्या कॅपवर दोन. असे सहापर्यंत.

केरबानं विचारलं, "चाचा, हे ठिपकं कशाला वं?"

चाचा हसले. "ती माझी सही हाय. उद्यमनगरात कुणालाबी दाव, सांगतील अल्लाउद्दीनचं काम हाय म्हणून."

जुन्या मिस्त्री लोकांची ही खोड तुम्हाला ठाऊक नसेल. ते हातातलं शिकवतात, डोक्यातलं शिकवत नाहीत. विचारलं की थट्टेवर नेतात. केरबाला ते खरंच वाटलं. त्याला कौतुक वाटलं की लोखंडावरसुद्धा माणूस सही करतो.

आणखी एक गोष्ट केरबाला त्या तीन दिवसांत कळली. चाचा ठिपके डोळ्यांनी बघत नसत. अंगठा फिरवून मोजत. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि उजवाही अधू झाला होता. दिवाळीनंतर ऑपरेशन ठरलं होतं. "साहेबाला बोलू नगंस केरबा," चाचा म्हणाले होते. "डोळ्याचं कळलं की काम देत न्हाईत लोक." केरबा म्हणाला, "चाचा, जीभ झडंल माझी."

मी साक्षीला आहे. माझ्या पोटातच ते काम झालं. चाचांच्या अंगठ्यानं सहाही कॅपा मोजल्या आणि सहाही आपापल्या रॉडवर बसवल्या. चार आला तिथं चार, सहा आला तिथं सहा. एकही चूक झाली नाही. त्यांनी मला शेडमध्येच दोन मिनिटं चालवून बघितलं तेव्हा मी घड्याळासारखा चाललो; मातीत उतरवायचं दसऱ्यानंतर ठरलं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. आठ दिवसांनी तर त्यांनी केरबाला एक निळा टी-शर्ट दिला. पाठीवर छापलं होतं, 'हेड ग्राउंड्समन', आणि खाली केरबाचं आख्खं नाव. केरबानं तो पहिल्यांदा घातला तेव्हा शेडच्या आरशाकडे पाठ करून मान वळवून वळवून वाचत होता. मैदानावरच्या बारा वर्षांच्या नोकरीत त्याचं नाव पहिल्यांदाच कुठंतरी लिहिलं गेलं होतं.

मग खंडेनवमी आली. कोल्हापुरात त्या दिवशी कोणतंही हत्यार, कोणतंही यंत्र पारोसं राहत नाही. उद्यमनगरात लेथला हार पडतात. चाचासुद्धा आपल्या लेथसमोर दरवर्षी नारळ फोडतात. केरबा आदल्या दिवशी सकाळीच आला. नवा टी-शर्ट खुंटीला अडकवला, मला बाहेर उन्हात घेतलं आणि धुवायला काढलं. चाकं धुतली, इंजिन पुसलं, दात ब्रशनं घासले. मग माझ्या पोटाचं झाकण उघडून आत बघितलं. आत तेल आणि काजळी होती, जशी ती असायलाच हवी.

"शी!" तो म्हणाला. "वरनं नवरदेव आन् आतनं काळाकुट्ट. आसली पूजा घेतूस व्हय रं देवीम्होरं?"

तीन दिवस हाताखाली काम केल्यानं त्याला बोल्ट कुठले ते पाठ झालं होतं. त्यानं स्पॅनर घेतला. एक कॅप सोडली, दुसरी सोडली, सहाही सोडल्या. आणि सगळ्या मिळून डिझेलच्या एकाच घमेल्यात टाकल्या.

मित्रांनो, मला तोंड नाही. असतं तर तेव्हा मी असा ओरडलो असतो की जोतिबाच्या डोंगरावर ऐकू गेलं असतं. तो माणूस गाणं गुणगुणत होता. एकेक कॅप घमेल्यातून काढून फडक्यानं चकाकवत होता. ठिपके त्याला दिसले. त्यानं त्यांवरून फडकं जरा जास्तच प्रेमानं फिरवलं, चाचांची सही म्हणून. मग हाताला येईल ती कॅप समोर येईल त्या रॉडवर चढवली. सहापैकी चार दैवानं आपापल्या घरी गेल्या. तिसरी पाचव्यावर गेली आणि पाचवी तिसऱ्यावर. देवाचं काम म्हणून त्यानं बोल्टही नेहमीपेक्षा जोरात आवळले.

दुसऱ्या दिवशी माझ्या गळ्यात झेंडूची माळ होती, दोन्ही बाजूंना ऊस बांधले होते, पुढे पेढा ठेवला होता. मी आतून मेलो होतो आणि बाहेरून माझी आरती चालली होती.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी साहेबांनी फुटबॉलचे संघ चालवणाऱ्या तालमींचे काही कारभारी मैदान दाखवायला बोलावले होते. मोठी स्पर्धा याच मैदानावर भरवायची बोलणी होती. साहेब म्हणाले, "मशीन कसं चालतंय ते दाखव रे पाहुण्यांना, केरबा." केरबानं टी-शर्ट नीट केला आणि मला चालू केलं. पहिली फेरी गेली. दुसऱ्या फेरीत माझ्या पाचव्या बेअरिंगला ताप चढला. केसभर जागा नव्हती, तिथं तेल पोचत नव्हतं. तिसऱ्या फेरीत ते चिकटलं, रॉड अडकला आणि तुटला. तुटलेलं टोक माझं पोट फाडून बाहेर आलं आणि एका कारभाऱ्याच्या पायापासून हातभर अंतरावर मातीत रुतलं. माझा क्रँक वाकला. मी जागीच थांबलो.

 मग पाहुण्यांतला एकजण म्हणाला, "सम्राटराव, माणूस मेला असता की वं." साहेबांचा चेहरा काळाठिक्कर पडला. पाहुणे चहा न घेता गेले.

तासाभरात अल्लाउद्दीन चाचांना बोलावून घेतलं. साहेबांनी दोन-तीन फाउंड्रीवालेही बोलावले होते, साक्षीला. मला शेडमध्ये ओढून आणलं होतं. चाचा खाली बसले, माझ्या फाटलेल्या पोटात हात घातला आणि एकेक तुकडा बाहेर काढू लागले. पाचवा रॉड काढला. अंगठा फिरवला. पाच. त्याच्या बोल्टांना लटकलेली कॅप फिरवली. अंगठा थांबला. पुन्हा फिरवला.

"तीन," ते म्हणाले.

मग त्यांनी तिसरा रॉड उघडला. त्यावर पाचाची कॅप होती. चाचांचा रंग उतरला. त्यांनी मान वर केली आणि केरबाच्या दिशेनं बघितलं. "केरबा, माझ्यामागं हे कुणी उघडलं हुतं काय?"

केरबाच्या हातात बॅटरी होती. तिचा उजेड त्या दोन कॅपांवर पडला होता, एकीवर तीन ठिपके, दुसरीवर पाच. मी त्याच्याकडे बघत होतो. सही म्हणजे काय ते त्याला त्या क्षणी कळलं. घमेलं आठवलं. त्याच्या ओठांवर काहीतरी आलंही होतं.

तेवढ्यात साहेब म्हणाले, "ज्यानं हे केलंय तो उद्यापासून या गेटच्या आत दिसता कामा नये. मग तो कोणीही असू दे."

"न्हाय चाचा," केरबा म्हणाला. "तुमच्यामागं कुणी हात लावला न्हाय."

इथवर मी त्याला माफ केलं असतं. भीतीनं माणसाच्या तोंडून एखादं खोटं निसटतं. पण चाचा अजून त्याच्याकडे बघतच होते आणि साहेबही बघत होते, आणि केरबाला ते बघणं सोसलं नाही. त्यानं आपल्या हातानं आणखी एक घाव घातला. "साहेब, मला बोलाय नगं वाटतंय. पण चाचास्नी दिसत न्हाय. डोळ्यात मोतीबिंदू हाय त्यांच्या. अंगठ्यानं मोजून बशिवत्यात."

साहेब कडाडले. "आंधळा हाईस तर सांगायला काय झालं हुतं रं? माणूस मारला असतास माझ्या ग्राउंडवर!" सकाळपर्यंत ज्यांना ते चाचा म्हणत होते, त्यांना आता ते अरेतुरे करत होते. त्यांनी मोबाइल काढला, त्या दोन कॅपा माझ्या पुढ्यात मांडल्या, शेजारी चाचांना बसलेलं ठेवूनच व्हिडिओ काढला. तीन ठिपके, पाच ठिपके, म्हातारा. सगळं बोलून दाखवलं आणि उद्यमनगरच्या ग्रुपवर टाकून दिलं. फाउंड्रीवाले खाली बघत होते. त्यांच्यातला एक हळूच म्हणाला, "सही तर चाचांचीच हाय."

मला वाटलं, चाचा आता चवताळून उठतील, भांडतील, मी असं केलं नाही म्हणून शपथ घेतील. त्यांनी तसं काही केलं नाही. ते आपल्या अंगठ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "तीन आन् पाच. हाताला सारखंच लागलं असंल. माझीच चूक हाय साहेब." उठताना त्यांचा तोल गेला, तेव्हा केरबानं त्यांना धरलं. चाचा म्हणाले, "बरं झालं तू सांगितलंस."

त्या दिवसानंतर मी शेडच्या कोपऱ्यात आहे. नवीन यंत्र आलं, केशरी रंगाचं, कमी आवाजाचं. केरबा त्याच्यावर काम करतो. त्याला नाव दिलेलं नाही. माझ्यावर त्यानं एक पोतं टाकून ठेवलंय, आणि ते धुळीसाठी नाही हे मला कळतं.

शेडमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बोलण्यातून मला बाकीचं समजलं. तो व्हिडिओ आख्ख्या उद्यमनगरानं बघितला. चाचांकडे येणारी कामं आधी कमी झाली. एक-दोन जुनी गिऱ्हाइकं तरीही आली, पण चाचांनी त्यांनाच परत पाठवलं. म्हणाले, माझ्या हाताचा भरवसा राहिला नाही. बेचाळीस वर्षांची लेथ त्यांनी झाकून ठेवली.

आणि मग एका दुपारी बिबीजान चाची आल्या. रिक्षा गेटाबाहेर उभी करून त्या एकट्याच शेडपर्यंत चालत आल्या. केरबा दाराशी बसून नव्या यंत्राचे दात पुसत होता. त्यानं त्यांना कधी पाहिलं नव्हतं, फक्त त्यांच्या चपात्या खाल्ल्या होत्या. त्यांनी नाव सांगितलं तसा तो उठून उभा राहिला.

"बस बाबा," त्या म्हणाल्या. "भांडाय आले न्हाय. त्यांचा डोळा चांगला झाला आता. आप्रेशन झालं. सुईत दोरा ओवत्यात. पण कामाला हात लावत न्हाईत. घरात डब्याची झाकणं काढत्यात आन् बशिवत्यात. ह्या डब्याचं ह्याच डब्याला बसलंय न्हवं, तीन-तीनदा बघत्यात. मीठ काढाय गेले तर म्हणत्यात, थांब, मी बघतो."

केरबा बसला आणि पुसलेलाच दात पुन्हा पुसू लागला.

"मला एवढंच पायजे," चाची म्हणाल्या. "तू तिथं हुतास. माझ्या मनाला पटत न्हाय. तिसाच्या वर वर्सं मी त्यांचा अंगठा बघितलाय, अंधारात नाणी वळखायचा. दुसऱ्या कुणी उघडलं असंल, चुकून, तर सांग. मी साहेबाला सांगणार न्हाय. गल्लीत कुणाला सांगणार न्हाय. कुराणाची शपथ. निस्तं त्यांच्या कानात सांगीन, की तुमची चूक न्हवती. एवढंच. त्यांनी परत उठून लेथ पुसली की माझं झालं."

मित्रांनो, मी पोत्याखालून ऐकत होतो. हे फुकटचं खरं होतं. नोकरी जाणार नव्हती, टी-शर्ट काढावा लागणार नव्हता. समोर एक म्हातारी बाई उभी होती आणि तिला एक वाक्य हवं होतं. माझ्या उरलेल्या गंजक्या रॉडांनी मी त्याला मनात ढकलत होतो, बोल केरबा, बोल.

केरबा बराच वेळ हातातलं फडकं पिळत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. पण इतके दिवस त्या खोट्यात राहिला होता, आता त्यातून बाहेर यायचं म्हणजे 'मीच तो' असं एका माणसाच्या तोंडावर म्हणायला लागलं असतं. त्याला साहेबांची भीती नव्हती. त्याला चाचीच्या डोळ्यांची भीती वाटली.

"न्हाय चाची," तो म्हणाला. "कुणी उघडलं न्हवतं. चाचांचीच चूक झाली. वय झालं की हुतंय असं."

चाचींनी मान हलवली. "बरं झालं सांगितलंस. मी उगंच आस लावून बसले हुते." पदर सावरला, दोन पावलं गेल्या आणि पुन्हा मागं वळल्या. "तुझं लई नाव घेत्यात ते. म्हणत्यात, केरबानं खरं सांगितलं म्हणून बरं, न्हाईतर उद्या कुणाचा तरी जीव घेतला असता मी. तुझं भलं होऊ दे बाबा."

त्या गेल्यावर केरबा माझ्याजवळ आला. कित्येक महिन्यांनी पहिल्यांदा पोतं बाजूला केलं, माझ्या फाटक्या पोटावर हात ठेवला आणि "टोच्या, टोच्या" करत हुंदके देऊ लागला. मला त्याची दया आली नाही. माझ्या जन्मात एकच माणूस माझ्याशी बोलला होता आणि तो हा होता, तरीही आली नाही.

आमच्यासारख्यांनी गोष्ट संपवताना 'यंत्रांची निगा राखा' असं सांगायचं असतं. माझी निगा राखली गेली होती, मित्रांनो. जगात क्वचित कोणाची राखली जाते इतकी. मला डिझेलनं आंघोळ मिळाली, माळ मिळाली, पेढा मिळाला. निगा राखणारा माणूस वाईट नव्हता, हे तर त्याहून वाईट. तुमच्या हातून काही मोडलं तर मला किंवा माझ्यासारख्या दुसऱ्या लोखंडाला मिठी मारून रडू नका. आम्हाला काही करता येत नाही. ज्याचं मोडलं त्याच्याकडे जा.

येत्या सोमवारी भंगारवाला मला न्यायला येणार आहे. केरबानं अजून काही सांगितलेलं नाही. अल्लाउद्दीन चाचा उद्यमनगराच्या मागच्या गल्लीत राहतात. केरबाच्या गडमुडशिंगीहून मोटरसायकलनं वीस मिनिटं लागतात.